लेप्यावर सोललेली द्राक्षं

द्राक्षाचं साल काढतात, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. तोवर माझं सगळं आयुष्य द्राक्षातच गेलं होतं. तासगावच्या बाजूला आमचं गाव. आठवीत शाळा सुटली ती थेट बागेत. छाटणी, विरळणी, तोडणी आणि शेवटी बेदाण्याच्या शेडवर. किती घड या हातांतून गेले त्याला मोजदाद नाही, पण मणी सोलून खावा असं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. सोलायला तो काय वाटाणा आहे?

आणि इथे उत्तनच्या स्वयंपाकघरात अंकलनी वाटीभर हिरवी द्राक्षं माझ्यापुढे ठेवली, वरून उकळतं पाणी ओतलं, लगेच निथळून टाकलं आणि म्हणाले, "चल, आता एकेकाचा कोट उतरव."

मी नखानं साल काढायला लागले. आतून काचेच्या गोटीसारखा गर निघायचा, त्यात बारीक शिरा दिसायच्या. पहिले काही मणी तर हातातून सुटून थेट मोरीत गेले.

रविवारी गावाकडे शेजारच्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं.

"द्राक्षं सोलतीस?" आई म्हणाली. "आणि त्याचा पगार देत्यात व्हय?"

"देतात की."

"मग सोल बाई. दमानं सोल. पर माणसं बरी हैत न्हवं?"

माणसं बरी होती. किती बरी होती ते सांगायचं राहून गेलंय, म्हणून आता सांगते.

आम्ही राहायचो खारीला, भाईंदर पूर्वेला. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा तोंड काळं, डोळे तेवढे ओळखीचे. खोलीत मी दिवसभर एकटी, आणि मला काळजीची सवय. गॅस बंद केला का, कडी नीट बसली का, मशीनपाशी नवऱ्याला डुलकी तर लागली नसेल. घरमालकिणीला माझी ती घालमेल बघवेना. तिची उत्तनला ओळख होती. म्हणाली, "तिथे एक म्हातारं जोडपं आहे. लग्नाबारशाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात. हाताखाली बाई पाहिजे त्यांना. जा, चार माणसांत मिसळशील. इथे बसून भिंतीशी काय बोलतेस?"

रेल्वे ओलांडून पश्चिमेला यायचं, तिथून बस. आधी मिठागरं, मग डोंगरीचा चढ, आणि मग एकदम समुद्र. समुद्र मी तोवर कॅलेंडरवरच बघितला होता. पण बसमधून उतरले ती डोळ्यांआधी नाकाला कळला. बांबूंवर बोंबील वाळत होते. आमच्याकडे बोंबील यायचे ते बाजाराच्या दिवशी, कागदात गुंडाळून, मूठभर. इथे त्यांच्या भिंती उभ्या होत्या. पदर नाकाला लावून मी तशीच उभी राहिले. परतीची बस समोर दिसत होती.

"नाक सोड गो," कुणीतरी म्हणालं. "दोन दिस थांब. मंग तुला याचा वास येनार न्हाय, भाईंदरचा येल."

ती मावशी. आखूड नेसलेलं लुगडं, गळ्यात क्रूस, काखेत रिकामी पाटी. सगळं गाव तिला आंटी म्हणायचं. माझ्या तोंडून त्या दिवशी मावशी निघालं आणि ते तसंच राहिलं. तिच्या नवऱ्याला मात्र मी सगळ्यांसारखं अंकलच म्हणत राहिले. त्यावर मावशी म्हणायची, "मंजे यो तुजा कोन न्हाय. मीच हाय."

अंकल जहाजावर कूक होते. बटाटे सोलण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी कॅप्टनचं टेबल सांभाळलं. वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. तेवढा काळ मावशी भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची आणि पोरं वाढवायची. पोरं पुढे परदेशात गेली, अंकल कायमचे घरी आले, आणि दोघांनी मिळून ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. मग एक दिवस जेट्टीवरच्या शेवाळावरून अंकलचा पाय सटकला. डोक्याला मागून मार लागला. जखम भरली, पण नाकातला वास गेला तो गेलाच, आणि जिभेवरची चवही त्याच्या मागोमाग गेली. खारट तेवढं कळायचं. बाकी काय खाल्लं ते विचारलं तर म्हणायचे, "कापूस. सकाळी गरम कापूस, दुपारी थंडा कापूस."

म्हणून त्यांना हाताखाली बाई पाहिजे होती. हात त्यांचे धड होते. पाहिजे होती ती जीभ.

येत्या जानेवारीत त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. संध्याकाळी मांडव, बँड, गावजेवण, सगळं ठरलं होतं. ते जेवण दुसऱ्या केटररला दिलं होतं, कारण मावशीनं बजावलं होतं, "माज्या लग्नात मी चुलीफुडं बसनार न्हाय. एकदा बसली, बास." दुपारचं जेवण मात्र फक्त दोघांचं, आणि ते अंकल स्वतः करणार होते.

काय करणार, तर फ्रेंच डिश. लेपा म्हणून एक चपटा मासा असतो, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला. त्याच्या बिनकाट्याच्या पट्ट्या काढून सुरळ्या करायच्या, पांढऱ्या वाईनमध्ये अलगद शिजवायच्या, मग त्याच रसात लोणी आणि क्रीम घालून सॉस करायचा, आणि वर सोललेली द्राक्षं. एका म्हाताऱ्या फ्रेंच कूकनं ती अंकलना जहाजावर शिकवली होती.

"कॅप्टन दुसऱ्यांदा मागायचा," अंकल सांगायचे. "त्याची बायको आली होती एकदा, तिने पण मागितलं. आणि घरात? ही बघ. मी काय पण करू दे, एकदाच घेते. चांगलं झालं बोलते आणि ताट उचलते. पन्नास सालमध्ये एकदा पण डिश पुढे करून 'अजून वाढ' नाही बोलली. आता तू मला मदत कर. हिने दुसऱ्यांदा मागितलं पाहिजे. बस."

बस, एवढंच त्यांना पाहिजे होतं. ऐकायला एवढंसं वाटतं. पण चव न कळणाऱ्या माणसानं ते मनात धरलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी भरवसा ठेवला होता माझ्यावर, जिला आमटी आणि कालवणापलीकडे तिसरा रस्सा ठाऊक नव्हता. मला झोप लागेना.

त्यात मावशीचा त्या डिशवर जुना राग. कारण डिशला फ्रेंचमध्ये एका बाईचं नाव आहे. ते माझ्या तोंडात कधी नीट बसलं नाही, मावशीच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं होतं.

"सुरमईला कोनी बायचं नाव ठेवलंय का? पापलेटला? मंग या मच्छीला कनाला? कंच्या बंदरातली व्हती ती?" तिचं 'कनाला' म्हणजे आपलं 'कशाला'.

"अगं, मी जन्मायच्या आधीचं नाव आहे ते."

"मंजे वयानं मोठी व्हती."

अंकल कपाळावर हात मारून घ्यायचे, पण मला दिसायचं, त्यांना ते आवडायचं.

मला वाटलं होतं, आपण द्राक्षं सोलायची, भांडी घासायची, कधी चमचाभर चाखायचं. पहिल्या दिवशी तो चमचा तोंडापुढे आला तेव्हा मी मागे सरून थेट फ्रिजला टेकले. त्या एका चमच्यात तीन भानगडी होत्या. समुद्राचा ताजा मासा मी कधी खाल्ला नव्हता. दारूचा थेंब तोंडात गेला नव्हता. आणि मासे नि दूध एकत्र पोटात गेलं की अंगावर कोड उठतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. क्रीम म्हणजे शेवटी दूधच की.

"अंकल, कोड येईल."

"कोणाला? अख्खा फ्रान्स खातो."

"म्हणूनच ते तसले गोरे झाले असतील," मी म्हणाले.

बाहेर ओट्यावर मावशी मासळी साफ करत होती. तिच्या हातातला कोयता थांबला. "बराबर बोलली पोर," ती म्हणाली. "मी कवाधरनं सांगतंय."

शेवटी कुलदेवतेचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला.

"बोल. कशी आहे?"

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे कशी?"

मला सांगता येईना. अंकलकडे शब्द होते, शार्प, ड्राय, राउंड. माझ्या लेखी शार्प असते सुरी, ड्राय म्हणजे सुकं, आणि सॉस तर चांगला पातळ होता. फळ्यापुढे उभं केल्यावर व्हायची तशी माझी गत झाली. क्रीम फाटून त्यात कण्या झाल्या होत्या, तेही मला कळलं नव्हतं. मला वाटलं, फ्रेंच लोकांचं तसंच असतं. अंकलनी चमच्यातल्या कण्या डोळ्यांनी बघितल्या आणि गपचूप पातेलं मोरीत ओतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पुढच्या दोन-तीन खेपांनाही तेच. ते विचारायचे, मी "चांगली", "बरी", "जरा आंबट" असं काहीतरी पुटपुटायचे, आणि बसमध्ये बसल्यावर ठरवायचे, उद्या सांगून टाकू की दुसरी बाई बघा.

मग एकदा अशीच चमचा तोंडात धरून उभी होते. अंकल समोर तोंडाकडे बघत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अंकल, यात अजून पाणी उतरलं नाही."

"पाणी कमी आहे? अजून टाकू?"

"तसं नाही हो. द्राक्षात उतरतं ते."

मग मला सांगावं लागलं. मणी आधी टणक असतो, गारगोटीसारखा. चावला तर दात आंबतात, जीभ आकसते. मग एका आठवड्यात काय होतं कोण जाणे, तो मऊ पडतो, उन्हाकडे धरला तर आरपार उजेड दिसतो. त्याला आम्ही म्हणतो पाणी उतरलं. आंबटपणा असतो, पण तो आता डसत नाही. मग साखर भरते. आणि झाडावर तसाच राहिला, उन्हानं वाळला, तर मग बेदाणा.

अंकल स्टुलावर बसले. कॅप्टनसमोर बसावं तसे ताठ.

"टणक. पाणी उतरलं. साखर भरली. बेदाणा," त्यांनी बोटांवर धरलं. "मधलं पण असतं?"

"असतं की. पाणी उतरून दोन दिवस झालेलं वेगळं, आठ दिवस झालेलं वेगळं."

ते डोळे मिटून बसले. जुनी चव आठवत होते बहुतेक. जीभ गेली तरी आठवण कुठे गेली होती? मग म्हणाले, "आपल्याला जायचंय पाणी उतरलं त्याच्या थोडं पुढे. साखर भरायच्या पुष्कळ अलीकडे. तिथे तू मला थांबव."

त्या दिवसापासून आमचं जमलं. अंकल डोळ्यांनी आणि कानांनी रांधायचे. रस आटताना बुडबुड्यांचा आवाज बदलतो, तो त्यांना ओसरीवरूनही कळायचा. मी शेजारी चमचा घेऊन.

"बोल."

"टणक."

लोण्याचा तुकडा पडायचा.

"आता?"

"टणकच. पण हललंय."

बाहेरून मावशी, "काय रे दोघं, मच्छी करताव का शेती?"

घरी नवऱ्याला मी यातलं मासळीचं आणि दुधाचं सांगितलं होतं, वाईनचं नव्हतं. रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहून दंड, कोपरं उजेडात धरून बघायचे. एकदा त्यानं विचारलं, "काय शोधतीस?" मग सगळंच सांगितलं. जीव मुठीत धरून. तो बराच वेळ पायातल्या बुटाची नाडी बांधत राहिला.

"चढली का मग?" त्यानं विचारलं.

"चमचाभरानं कशी चढंल?"

"मग वाया गेली की," तो म्हणाला. आणि दारापर्यंत जाऊन परत आला, माझं कोपर उजेडाकडे फिरवून स्वतः नीट निरखलं. "न्हाई उठलं काय. जा बिनघोर."

त्या वाईनबद्दल थोडं सांगायला पाहिजे. उत्तन-पालीच्या ख्रिस्ती घरांतून नाताळसाठी वाईन घरीच करतात. बरणीत बेदाणे, साखर, थोडा मसाला, आणि आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायची. मावशीची तर गावात नावाजलेली. तिथे वाईन म्हणजे गोड, पाकासारखी. दुसरी काही असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. अंकलना लागायची ती बिनसाखरेची, पांढरी. त्यांच्या भाच्यानं नाशिककडून एक बाटली आणून दिली होती, हिरव्या काचेची. तालमीत थोडी थोडी वापरून, दिवसाच्या कामापुरती बाटलीत राखून, बूच घट्ट लावून त्यांनी ती फ्रिजच्या दारात ठेवली होती.

तो दिवस उजाडला. द्राक्षं आणायचं काम माझं. तालमीला मिळतील ती चालली होती, पण जानेवारीचा माल म्हणजे लवकरचा, भरवशाचा नाही. स्टेशनबाहेरच्या गाडीवर एक मणी चाखला आणि माझे डोळे मिटले.

"मीठा है दीदी, एकदम शक्कर," भैया म्हणाला.

"शक्कर इसके नसीब में नहीं है," मी म्हणाले, आणि तरी अर्धा किलो घेतली. पुढे चांगली मिळालीच नाही तर? मग बाजाराच्या आत चांगली मिळाली, तीही घेतली. दोन पिशव्या घेऊन बसमध्ये बसले आणि वाटभर स्वतःला बोल लावत राहिले की एवढं आंबट आता कोण खाणार.

मावशी पहाटेच जेट्टीवर जाऊन स्वतः लेपे निवडून आली होती. "लग्न माजं, मच्छी मी बगनार." मग ती जरीकाठाची साडी नेसली, दोघं चर्चला गेली आणि दुपारच्या आत परत आली. अंकलनी कोट काढून खुंटीला लावला, एप्रन बांधलं आणि लेप्याची शेपटी चिमटीत धरून कातडी अशी ओढली, जसा पायातला मोजा उतरवावा. काटे एका पातेल्यात कांद्यामिरीबरोबर उकळायला टाकले. सुरळ्या करून लोणी लावलेल्या ट्रेमध्ये मांडल्या. मग हिरवी बाटली काढली, तळाशी थोडी ठेवून वाईन दुसऱ्या पातेल्यात ओतली, बारीक कांदा घातला आणि आटवायला ठेवली. आवाज बदलला तसा त्यांनी हात पुढे केला.

"चाख. बोल."

मी चाखलं. पाक होता. नुसता पाक, आणि त्याच्या मागून लवंग.

मी वर बघितलं. मावशी दारात उभी होती, हात बांधून, केसात अबोलीचा गजरा. तोंडावर असं समाधान, जसं पाहुण्याच्या ताटात त्याच्या नकळत तुपाची धार सोडली की बाईच्या तोंडावर येतं. लवंग कुठून आली ते मला तिथेच कळलं.

अंकलना काही दिसत नव्हतं. रंग तोच, वाफ तीच. माझ्या एका शब्दावर ते ती सगळी वाईन माशावर ओतणार होते. खरं सांगावं तर पन्नासाव्या वर्षी, साडी नेसून उभ्या असलेल्या बाईला तोंडावर सांगायचं की तू नासवलंस. खोटं सांगावं तर अंकलचा मासा पाकात बुडायचा, आणि दुसऱ्यांदा मागणं तर सोडाच, पहिला घास कुणाच्या घशाखाली उतरला नसता. आणि त्यांना कळलंही नसतं, का ते.

"अंकल," मी म्हणाले, "बेदाणा झालाय."

त्यांचा हात थांबला. "बेदाणा?"

"पार बेदाणा. शेडवरचा."

त्यांनी गॅस बंद केला. बाटली उचलून खिडकीकडे धरली, हलवली. मग त्यांची नजर सावकाश दाराकडे गेली. पन्नास वर्षांत माणूस माणसाला तेवढं ओळखतोच.

"काय टाकलंस?" त्यांनी विचारलं.

"साकर," मावशी म्हणाली. "आन दोन लवंगा. जरा उकळून, गाळून परत भरली. आंबली व्हती ती, मी चाखून बगितली. तुला कळत न्हाय, तू तशीच वापरली असतीस. मी बोलली, आजचे दिसाला त्याला कनाला सांगू? वाईट वाटंल त्याला. गुपचूप सुदारली."

अंकल स्टुलावर बसले. मी पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, तेच पडणार असल्यासारखं. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. आवाज न करता, डोळे पुसत.

"इतकी वर्षं जहाजावर काम केलं," ते म्हणाले, "माझ्या वाईनमध्ये कोणी साखर नाही टाकली."

"तितं तुजी बायको नव्हती," मावशी म्हणाली. मग तिलाही उमगलं. पातेल्याकडे, माझ्याकडे, परत पातेल्याकडे बघितलं, आणि ती उंबऱ्यावरच टेकली. "मंजे ती तशीच असते? आंबट?"

"तशीच असते."

"मंग मी वाट लावली."

घराघरांत वाईन होती, पण सगळी गोड. अंकलनी लिंबू उचललं आणि परत ठेवलं; लिंबानं क्रीम फाटणार आणि वर लिंबू-लिंबू लागणार. माझ्या पायाशी दोन पिशव्या होत्या. बोलावं की नाही, मला कळेना. वाईनच्या जागी वाईनच लागत असणार, आपण कोण सांगणार?

"अंकल," मी म्हणाले, "माझ्याकडे टणक मणी आहेत."

त्यांनी एक तोंडात टाकला. चावला. त्यांना काही कळणार नव्हतं, तरी चावला. "किती टणक?"

"दात आंबतील."

"फ्रान्सकडे बिस्केच्या समुद्रातल्या वादळात सगळ्या बाटल्या फुटल्या होत्या एकदा," ते उठत म्हणाले. "तेव्हा व्हिनेगरवर भागवलं आणि कॅप्टन चाटूनपुसून जेवला. हे तर द्राक्षच आहे."

मी मणी खलबत्त्यात ठेचले. गाळायला फडका शोधत होते तोवर मावशीनं जरीचा पदर कमरेला खोचला, पंचा आणला आणि माझ्या हातातला लगदा ओढून घेतला. "तुज्या हातात जोर न्हाय. आन हिकडं." बाजारात पाट्या उचललेले हात ते, एका पिळ्यात निम्मा रस खाली आला. चुलीपुढे न बसायची शपथ होती, ती उभ्यानं मोडली.

मग ते हिरवट पाणी आणि काट्यांचा रस, दोन्ही एकत्र. मासा त्यात अलगद शिजला आणि बाजूला निघाला. उरलेला रस आटला.

"बोल."

"टणक."

लोणी, मैदा.

"टणक, पण हललंय."

क्रीम, चमच्याचमच्यानं.

"बोल, बोल."

"पाणी उतरतंय. थांबा. अजून जरासं. हां, अंकल, इथेच."

त्यांनी पातेलं उचललं. सॉस माशावर, त्यावर सोललेली द्राक्षं, आणि ट्रे ओव्हनमध्ये वरच्या जाळीखाली, सॉसवर तांबूस ठिपके पडेपर्यंत.

टेबलावर दोघं समोरासमोर बसली. प्रत्येकाच्या ताटात तीन सुरळ्या, मध्ये फुगे. फुगे म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, त्यांच्याकडे सणाला लागतातच. मी स्वयंपाकघराच्या दारात, ओल्या पंच्याला धरून.

मावशीनं ताट फिरवून सगळीकडून बघितलं. "हीच का ती बाय?"

"हीच."

"दिसायला बरी हाय."

आणि ती जेवायला लागली. बोलली नाही. ती न बोलता जेवतेय असं मी कधी बघितलं नव्हतं. मासा संपला, द्राक्षं संपली, सॉस तिनं फुग्यानं पुसून घेतला. मध्ये मध्ये आपली सुधारलेली वाईन प्यायली, कारण बाटलीत उरलेली टाकून द्यायची नाही म्हणून तीही टेबलावर आली होती. अंकलनी एक घास घेतला होता आणि काटा तसाच धरून तिच्याकडे बघत बसले होते.

तिनं तोंड पुसलं. "चांगलं झालं," ती म्हणाली, आणि ताट उचलायला हात लावला.

पन्नास वर्षांचं तेच वाक्य. अंकलची मान खाली गेली. फार नाही, एवढीशी. कुठे चुकलं? एक पायरी आधीच थांबवलं का मी?

मावशीचा हात मात्र ताटावरच राहिला. ती अंकलच्या ताटाकडे बघत होती.

"तू का खात न्हाय?"

"खातोय की."

"काय लागतंय तुला?"

अंकलनी थोडा विचार केला. "कापूस," ते खरं ते बोलले.

"मंग कापूस खायाला इतकी झ्याक मच्छी कनाला वाया घालवतंस? आन हिकडं." आणि तिनं त्यांचं ताट आपल्याकडे ओढलं, फुगा तोडला आणि पुन्हा पहिल्यापासून जेवायला लागली.

अंकल माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते सांगायला माझ्याकडे बागेतलाही शब्द नाही.

"बघितलंस? मागितलं."

"मागितलं नाही अंकल," मी म्हणाले. "हिसकावलं."

"कॅप्टनने कधी हिसकावलं नव्हतं," ते म्हणाले, आणि रिकामे हात टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

शेवटची सुरळी मावशीनं मोडली नाही. बशीत काढून माझ्यापुढे सरकवली. "घे गो. तूपन जेव. चमच्यानं चाटून पोट भरतं का कोनाचं?" त्या घरात मी पहिल्यांदा टेबलाशी बसून जेवले, त्यांच्या लग्नाच्या दिवशी, त्यांच्या ताटातलं. मासा, दूध, सगळं. कोडाची आठवणही झाली नाही.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं.

"खाल्लं मग त्या बाईनं?"

"नवऱ्याच्या ताटातलंसुद्धा."

"हां," आई म्हणाली. मागे आमच्या शेळीचा आवाज येत होता. "आणि सालं काय केलीस गं एवढी? टाकून दिलीस?"